साच्यातलं नाव

राणीला गादीवर बसून पन्नास वर्षं झाली म्हणून गेट्सहेडमधल्या आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीत तिच्या नावाची काचेची ताटली उभी होती. त्यांचा साचा कोरणारा माझाच नवरा. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा त्यानं माझ्या नावाचा साचा कोरून त्यात वितळलेली नितळ काच दाबून ताटली बनवून आणली. कागद उलगडला, तर ‘डॉर्कस’ आरशात दिसावं तसं उलटं. शेजारची रिडलीबाई खदखदून हसली. “कथबर्ट, साच्यात उलटं कोरलं तर काचेवर सुलटं उमटतं, विसरलास होय?” तो कान खाजवत म्हणाला, “राणीचं कोरलं उलटं. हिचं उलटं कोरायला हात धजावेना.” मी ताटली पुसली आणि तिचं तोंड घराकडे करून खिडकीत उभी केली. “अगं, अजून उलटंच दिसतंय,” रिडलीबाई म्हणाली. “मला माझं नाव पाठ आहे,” मी म्हणाले. “तू गल्लीत जाऊन वाच.”