बोट थांबेपर्यंत

दुपारी बियाणेवाले शेठ गोपिकानं बनवलेली त्यांची वेबसाइट बघायला येणार होते आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. बियाण्याच्या वाणाचं नाव टाइप करताना एकेक अक्षर दाबलं की पेज शोधायला धावायचं आणि अडकायचं. तपासायला तिनं बदनापूरहून डबा घेऊन आलेल्या वडिलांनाच कीबोर्डपुढं बसवलं. त्यांनी एका बोटानं पहिलं अक्षर दाबलं, पेज अडकलं. ओशाळलेले आबा अडखळत म्हणाले, "ह्ये बी म-मधीच तोडून राह्यलं." गोपिका चपापली. बोलताना अडखळणाऱ्या आबांना जन्मभर कुणी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. तिनं कोड बदलला: बोट थांबेपर्यंत शोधायचं नाही. कोडिंगच्या पुस्तकात अर्धा सेकंद थांबायला सांगितलं होतं. आबांच्या बोटाकडं बघून तिनं दोन सेकंद लिहिले. आबांनी पुन्हा सुरुवात केली, तेवढ्यात शेठ आले. "म्हातारबाबाला उठव, जल्दी दाखव!" गोपिका म्हणाली, "थांबा शेठ, आबांचं व्हायचंय."