अध्यक्षांचं लाईव्ह

बजाजनगरात आमच्या सोसायटीत आठवड्यानं टँकर आला. पण अध्यक्ष काकासाहेबांनी नारळ फोडल्याबिगर पाण्याला हात लावायचा नाय, असा त्यांचाच हुकूम. बाया ड्रम घेऊन खोळंबलेल्या. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, "जल्दी करो भाई, नै तो मैं जारूं!"

काकासाहेब टँकरकडं पाठ करून मोबाईलवर लाईव्ह बोलायला लागले. "हे पाणी मी आणलं. रस्ता मी केला. लाईट मी..." नजर स्क्रीनवर, स्वतःच्याच तोंडावर.

मी शेजारच्या सुगंधाबाईंना खुणावलं, "मावशी, लावा पाईप. काय बी होत नाय."

बायांनी भराभर ड्रम भरले. इकडं भाषण संपलं, नारळ फुटला, अध्यक्षांनी ऐटीत टँकरचा व्हॉल्व्ह फिरवला. थेंब नाय.

"पाणी कुठं गेलं रे?"

"तुमच्याच लाईव्हमधी दिसंल की साहेब. बघा," मी म्हणलं.

त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत लाईव्ह बघितलं. त्यात त्यांच्या खांद्यामागं पाईप, ड्रम, बाया, अन् दात काढणारा मी, सगळं लख्ख दिसत व्हतं. मी पळायच्या तयारीतच उभा.

काकासाहेबांनी चेहरा पाडून माझ्याकडं बघितलं.

"आवाज जरा बारीक आलाय माझा, नाय?"