चौदाशे सदतीस

इलेक्ट्रिकल विभागातल्या जुन्या मोटरचा भारंबे सरांना भारी अभिमान. पूर्ण लोडवर मिनिटाला चौदाशे सदतीस फेरे! दहा वर्षं झाली, प्रत्येक बॅचच्या जर्नलात हाच आकडा. एका फेऱ्याचा फरक नाही. आणि पिंपळनेरचा वना मात्र चौदाशे बावन्न लिहून सहीला उभा. सरांनी जर्नल दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदाही तेच.

"मोटर जितली फिरनी तितलंच लिखं, सर," वना रडकुंडीला येऊन थेट अहिराणीवर उतरला.

"सही नाही तर परीक्षा नाही!" सर म्हणाले. पोराला एकदा दाखवूनच द्यावं म्हणून त्यांनी कपाटातून पहिल्या बॅचचं जर्नल काढलं. दहा वर्षांपूर्वीचं, ते स्वतः विद्यार्थी असतानाचं. आकडा तोच होता. पण तारीख पाहिली आणि तो शनिवार आठवला. लाईट गेलेली, मोटर बंद, गावी जायची घाई आणि खिडकीतून दिसणारा समोरचा एसटी स्टँड.

सरांनी वनाच्या जर्नलावर सही केली.

"मग सर, ते चौदाशे सदतीस?"

"आमच्या सावद्याच्या गाडीचा नंबर होता रे तो."