शेवटची काच

“थांबा सर, ती काच नको!” संशोधिका धावत आली, तोवर नमुन्याची काच यंत्राच्या पोटात गेली होती आणि हवा उपसणारा पंप घरघरू लागला होता.

विभागप्रमुखांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या माघारी सगळे त्यांना ‘मोर’ म्हणत. पाहुणे आले की पिसारा फुलायचाच. आज संस्थेचे देणगीदार कॉफीचे कप घेऊन पडद्यासमोर उभे होते.

“हिच्यावरची गुणसूत्रं कशी ठसठशीत आहेत,” ते म्हणाले. “बाकीच्यांत काही दम नाही.”

“सर, ती त्या वारलेल्या मुलाची आहे. एवढीच उरलीय. त्याच्या धाकट्या बहिणीला तोच आजार...”

“अगं, दोन मिनिटांचं तर काम!”

यंत्रातला आयनांचा झोत काचेवरचा थर खरवडतो, उडालेले कण तोलतो आणि गुणसूत्रात कुठे किती कॅल्शियम आहे ते रंगांत दाखवतो. जे वाचलं जातं, ते वाचत नाही. त्यातून आजाराचं मूळ शोधायचं तर हलक्या झोताने मोजत जायला तिला अख्खा दिवस लागला असता. मोराने झोत पूर्ण जोरात सोडला.

पडद्यावर निळे-सोनेरी जुळे दांडे उमटले.

“अय्या, दागिनेच जणू!” एक बाई म्हणाल्या. बघता बघता दांडे फिकटले, विरले, आणि पडदा काळा पडला.

“मापं घेतलीत?” तिने विचारलं.

“मापं कसली? नुसतं दाखवायचं होतं.”

“अरेरे, माझा फोटो राहिला,” एक पाहुणा फोन सावरत म्हणाला. “परत लावा ना.”

“परत कशाला? दुसरी लावतो!” मोर खदखदून हसला. मग तिला बाजूला घेऊन, कॉफीचा शिळा वास सोडत कुजबुजला, “बाहेर त्या मुलाची आई बसलीये ना? तिला सांग, काही सापडलं नाही. खोटं थोडंच आहे?” आणि त्याने तिचा खांदा थोपटला.

अंगावरची पाल झटकावी तसा तिने तो हात झटकला. तडक जाऊन दार उघडलं. बाकावरची बाई कडेवरच्या मुलीला सावरत धडपडत उठली.

“ताई, आत या. काय झालं ते सर स्वतः सांगतील.”

पाहुण्यांनी अंग चोरून वाट दिली. मोर जागचा हलला नाही.

“तुम्हीच का ते सर?” आई म्हणाली. “तुमचे फार उपकार झाले हो. आता ही तरी वाचेल.”