न वाजलेली जाहिरात

"तुमची लेक रेडिओत आहे म्हणता, पण तिचा आवाज काही कधी ऐकू येत नाही हो!" शेजारच्या काकूंनी सकाळी दारातच आईला टोमणा मारला. चपला घालता घालता हेमांगी नुसती हसली. कुठली जाहिरात कधी वाजवायची हे ठरवणं तिचं काम. त्यात आवाज कुठून यायचा?

दुपारी निवेदकाने वाहतुकीची माहिती देताना घाटात बस दरीत कोसळल्याचं सांगितलं. हेमांगीने स्क्रीनकडे पाहिलं. लगेच पुढे एका ट्रॅव्हल्सची जाहिरात होती : 'बसा निवांत, घाट विसरा!' विचारायला वेळच नव्हता. तिने ती काढली आणि तिथे हळदीची साधी जाहिरात टाकली.

"आपला सगळ्यात मोठा ग्राहक आहे तो! कुणाला विचारून काढलीस?" साहेब कडाडले.

"कुणालाच नाही, सर. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा काढीन."

संध्याकाळी ती जिना चढत होती, तेव्हा वर आई काकूंना सांगत होती, "बस कोसळल्याचं ऐकलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. म्हटलं, आता ते 'घाट विसरा' लागणार! रोज तिथेच लागतं मेलं. पण आज नाही लागलं."

"हो, मीही ऐकत होते. नाही लागलं खरं. मग?"

"मग काय? ऐकलात ना माझ्या लेकीचा आवाज?"