रात्रीत उतरलेली बॅटरी

किल्ली फिरवली की नुसती टकटक. सुनेने पुन्हा फिरवून पाहिली. नवरा अंघोळीला गेला होता. शॉवरचा आवाज बाहेर ऐकू येत होता, तोवरच तिच्या हातात वेळ होता. गालावरचा कालचा वळ तिने स्कार्फने झाकला होता.

“कुठे निघालीस एवढ्या सकाळी?” सासूबाई दारात उभ्या होत्या. जन्मभर लोकांना गाडी शिकवलेली बाई. तिच्यासमोर निदान गाडीबद्दल तरी थापा चालणार नव्हत्या.

“बँकेत जाऊन येते, आई. पण बॅटरी उतरलीय.”

सासूबाई गाडीभोवती फिरून आल्या. मागे धप्पकन काहीतरी आपटलं. शिकवणीची जुनी गाडी त्यांनी समोर आणून लावली, दोन्ही बॉनेटं उघडली, लाल वायर प्लसला, काळी मायनसला जोडली.

आतला शॉवर बंद झाला.

“मार सेल्फ.”

गाडी खोकली, थरथरली आणि एकदाची चालू झाली.

“आई! गाडी कोण काढतंय?” घरातून नवरा ओरडला.

सासूबाईंनी वायरी काढून बॉनेट लावलं आणि त्या काचेपाशी वाकल्या.



“बॅगेचा पट्टा अडकून डिकी उघडी राहिली होती, आतला दिवा रात्रभर जळत होता. लावलीय मी नीट. आता माहेर येईपर्यंत इंजिन बंद करू नकोस.”