चार पायांची सवत

घड्याळजीची बायको त्या कोल्हिणीला सवत म्हणायची. आधी थट्टेने, मग दातओठ खात.

थंडी पडल्यापासून नवरा रोज सकाळी फिरायला जायचा आणि परतला की माळावर भेटणाऱ्या त्या कोल्हिणीचंच कौतुक. "काय डोळे आहेत गं तिचे!" बायकोच्या डोळ्यांबद्दल त्याने इतक्या वर्षांत चकार शब्द काढला नव्हता.

शेवटी एक दिवस घराला कुलूप लावून ती गुपचूप त्याच्या मागे निघाली.

घरांमागच्या माळावर, धुक्यात, तो दगडावर बसला होता. समोर कोल्हीण. घरात तोंड उघडायचं ज्याच्या जिवावर यायचं, तो तिच्याशी भडाभडा बोलत होता. मग त्याने आपला मफलर सोडला आणि तिच्या गळ्यात गुंडाळला. बायकोने रात्री जागून विणलेला मफलर!

"चल आता घरी," तो म्हणाला, "गारठशील."

बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी? माझ्या घरी? दार अडवूनच उभी राहते, म्हणत ती जवळच्या वाटेने धावत सुटली.

पोचली तेव्हा दाराला कुलूप नव्हतं. आतून कडी होती. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं.

"अगं, बघ बरं कोण आलंय," आतून नवरा म्हणाला. इतक्या लाडाने, की भीती वाटायच्या आधी तिच्या पोटात दुखलं.

लादीवर नखं टकटक वाजत दाराशी आली आणि थांबली.

"कोण पाहिजे?" आतून बायकोच्याच आवाजात कोणीतरी विचारलं.